चालीवर लिहिताना : मराठी चित्रपटगीतकार होऊ पाहणाऱ्यांसाठी

कवितांची वही भरलेली आहे, मैफलीत दाद मिळते, आता चित्रपटासाठी लिहायचं आहे. एवढ्या भांडवलावर निघालेले बरेच जण संगीतकारासोबतच्या पहिल्याच सिटिंगला (बैठकीला) गडबडतात, कारण तिथे कविता कोणी मागत नाही. संगीतकार फोनवर एक चाल ऐकवतो. तीत ‘ना ना न ना’ किंवा तोंडाला येतील ते हिंदी-इंग्रजी शब्द भरलेले असतात, आणि परवापर्यंत त्यावर मुखडा (ध्रुवपद) हवा असतो. आधी शब्द आणि मग चाल असं काम करणारे संगीतकार आजही आहेत. पण चित्रपट, मालिका आणि यूट्यूबवरची गाणी यांत चाल आधी येणार असं धरूनच तयारी करावी.

लघु-गुरू कानात बसवा

लघु अक्षराची एक मात्रा, गुरूची दोन. अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेली अक्षरं लघु. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेली गुरू. अनुस्वार-विसर्गाचं अक्षर गुरू. पुढच्या जोडाक्षराचा आघात ज्या लघु अक्षरावर येतो तेही गुरू : ‘सत्य’मधला ‘स’ दोन मात्रांचा. मात्र ‘पुन्हा’, ‘तुम्ही’, ‘तुझ्या’ यांत आघात मागे येत नाही, म्हणून ‘पु’ आणि ‘तु’ लघुच राहतात. पुस्तकातला नियम आणि तोंडातला उच्चार यांचं भांडण झालं तर गाण्यात उच्चार जिंकतो.

वृत्तांचा पाया पक्का करायचा असेल तर माधव जूलियन यांचं ‘छंदोरचना’ आणि सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ ही दोन वाचनं पुरतात. लोकपरंपरेतले घाट वेगळे शिकावे लागतात, कारण तिथे मात्रा नव्हे, अक्षरं मोजतात. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. छोट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. ‘अभंगासारखं काहीतरी द्या’ असं दिग्दर्शक म्हणतो तेव्हा नुसता ‘विठ्ठल’ घालून तो अभंग होत नाही. घाट चुकला की जाणत्या कानाला लगेच खटकतं.

सराव असा करा. तुम्हाला पाठ असलेलं कोणतंही गाणं घ्या, त्याचे शब्द विसरा, फक्त चालीचा ‘ना ना न ना’ कागदावर उतरवा आणि त्यावर वेगळ्याच प्रसंगाचे स्वतःचे शब्द लिहा. रोज एक मुखडा, दोनेक महिने. हे लिखाण वहीतच ठेवायचं. चाल दुसऱ्याची असल्यामुळे ते गाऊन अपलोड केलंत तर हक्कांचा प्रश्न उभा राहतो.

लिहिण्याआधी विचारायचे प्रश्न

ब्रीफ, म्हणजे गाण्याकडून काय हवंय याची माहिती, नीट न घेतल्यामुळे जितकी गाणी परत येतात, तितकी वाईट ओळींमुळे येत नाहीत. गाण्याच्या आधीचा प्रसंग कोणता आणि नंतरचा कोणता? गाणं संपल्यावर पात्राच्या मनात काय बदललेलं असायला हवं? पात्र स्वतः ओठ हलवून गाणार की गाणं मागे वाजणार? ओठ हलणार असतील तर त्या माणसाच्या तोंडी न शोभणारा शब्द चालत नाही. मागे वाजणार असेल तर भाषा थोडी वर उचलता येते. काळ कोणता, गाव कोणतं, पात्राचं वय आणि शिक्षण काय? अंतरे (कडवी) किती, आणि एखादा अंतरा संवादांखाली दबणार आहे का? दबणार असेल तर जीव ओतलेली ओळ तिथे वाया घालवू नका.

बोलीचं गाणं असेल तर पहिल्याच दिवशी विचारा की वऱ्हाडी म्हणजे नेमकं कुठलं, मालवणी की आगरी, अहिराणी कुठल्या भागातली. पुण्या-मुंबईत बसून ‘गावाकडची’ म्हणून लिहिली जाणारी एक सरमिसळ बोली आहे, ती कुठल्याच गावात बोलली जात नाही. तुमची बोली नसेल तर मसुदा झाल्यावर त्या भागातल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. तो जिथे अडखळेल तिथे शब्द बदला.

चालीचा नकाशा

संगीतकाराकडून स्क्रॅच (चालीचं कच्चं ध्वनिमुद्रण) मागून घ्या, आणि तोही अंतिम लयीत. हळू गुणगुणलेल्या चालीवर लिहिलेले शब्द रेकॉर्डिंगच्या वेगात तोंडात मावत नाहीत. स्क्रॅच मिळाल्यावर शब्द न शोधता तो नुसता ऐका, टाळी देत ऐका, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे पडते ते पाहा. मग लांब सुराला ‘ना’ आणि छोट्याला ‘न’ असा नकाशा लिहा. त्यावर चार खुणा करा : श्वास कुठे, सगळ्यात वरचा सूर कुठे, लांबवलेला सूर कुठे, आणि पुन्हा-पुन्हा येणारा तुकडा कोणता.

समजा चालीची ओळ आहे ‘ना ना न ना, ना ना न ना’. सात-सात मात्रांचे दोन तुकडे, मध्ये श्वास. रूपक तालात सरळ बसेल अशी ओळ.

नवखा माणूस लिहितो : ‘निघून गेलास दूर तू’. मात्रा मोजल्या तर चौदाच भरतात. पण चालीत पहिला सूर लांब आहे आणि शब्दात ‘नि’ लघु आहे. गाताना ते ‘नीऽघू’ होतं. शिवाय चालीला आठ अक्षरं हवीत आणि इथे नऊ आहेत, त्यामुळे एक कुठेतरी कोंबावं लागतं. बेरीज जुळली तरी क्रम जुळलेला नाही.

दुसरा प्रयत्न : ‘आला उन्हाळा ये घना’. लघु-गुरू जागच्या जागी. पण श्वास चौथ्या अक्षरानंतर आहे, म्हणून ऐकू येतं ‘आला उन्हा… ळा ये घना’. हा यतिभंग. कागदावर तो दिसत नाही. पहिल्यांदा गाऊन पाहिल्यावरच कळतो.

तिसरा : ‘रानी उन्हे, ये ना घना’. क्रम बरोबर, श्वासाच्या जागी अर्थाचाही थांबा, शेवटी उघडा ‘आ’, आणि ‘ये ना घना’ हा तुकडा परत-परत येण्याजोगा. ओळ महान आहे असं नाही; पण ती गायकाच्या तोंडात बसते, आणि संगीतकार तिच्यावर पुढचं काम करू शकतो. पहिल्या सिटिंगला एवढं साधलं तरी पुष्कळ.

चाल एखाद्या जागी फारच आडवी येत असेल तर एक सूर वाढवून किंवा कमी करून मागायला हरकत नाही. बहुतेक संगीतकार ऐकतात. मात्र मागताना पर्यायी ओळ तयार हवी, आणि एका गाण्यात अशी मागणी एकदाच करावी.

तोंडाला आणि माइकला काय चालतं

लांबवलेल्या किंवा वरच्या सुरावर आ, ए, ओ हे उघडे स्वर द्या. तार सप्तकात ई आणि ऊ आवळले जातात. गायक ते उघडायला जातो आणि शब्दाचा उच्चार बिघडतो. ‘पाऊस’, ‘आभाळ’ असे व्यंजनावर मिटणारे शब्द लांब सुरावर शेवटी ठेवलेत तर गायकाला शेवटच्या अक्षरात नसलेला ‘अ’ ओढावा लागतो. भावगीताच्या वळणात ते चालून जातं, आजच्या बोलक्या गाण्यात नाटकी वाटतं.

एका शब्दाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात एकाच व्यंजनाने झाली की एक अक्षर गिळलं जातं : ‘पाऊस सारा’ ऐकताना ‘पाऊसारा’ होतं. आणि श्वास भलत्या जागी पडला की नवाच शब्द जन्माला येतो. ‘नकोस जाऊ’मध्ये ‘नको’नंतर सूर तुटला की लोकांना ‘नको सजाऊ’ ऐकू येतं. जलद ठेक्यात ळ, ण, क्ष, ज्ञ यांची दाटी टाळा.

मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. पुस्तक ‘वाचा’ यातला च आणि काया-‘वाचा’-मने यातला च यांचं यमक कागदावर जुळतं, कानाला जुळत नाही. गायक हिंदीतला असेल तर ‘माझा’, ‘जागा’, ‘चांदणं’ या शब्दांवर हमखास घसरतो, ळचा ल करतो. म्हणून गायकाचं नाव आधीच ठरलेलं असेल तर मुखड्याच्या पहिल्या शब्दात असे वर्ण शक्यतो ठेवू नका. पहिलाच शब्द परका वाटला की पुढचं गाणं सावरत नाही.

‘माझे’ की ‘माझं’, ‘सारे’ की ‘सारं’ हा निर्णय गाण्याच्या सुरुवातीलाच घ्या. एकारान्त रूप लांब सुरावर जास्त चांगलं ठरतं, कारण ‘ए’ खुला आहे. अनुस्वारवाला ‘अं’ बोलका आणि जवळचा वाटतो पण फार ताणता येत नाही. एकाच अंतऱ्यात ‘माझे’ आणि ‘सारं’ अशी खिचडी झाली तर पात्र मधूनच पुस्तकी बोलायला लागल्यासारखं वाटतं. चालीच्या सोयीसाठी ही खिचडी करण्याचा मोह सगळ्यांना होतो.

क्रियापदांचं यमक

मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. त्यामुळे नवख्याची प्रत्येक ओळ ‘येते, जाते, होते, न्हाते’ किंवा ‘आले, गेले, झाले’ अशी संपते. यमक जुळतं, पण फुकटचं जुळतं. ऐकणाऱ्याला पुढचा शब्द आधीच कळलेला असतो. अंतऱ्याच्या चार ओळींपैकी एकाहून जास्त ओळी क्रियापदावर संपत असतील तर पुन्हा लिहा. क्रियापद ओळीच्या पोटात ढकला आणि टोकाला नाम, विशेषण, संबोधन किंवा ‘दारी, उरी, रानी’ अशी सप्तमीची रूपं आणा. सप्तमीचाही अतिरेक होतो. ‘अंतरी, अंबरी, मंदिरी’ ही मालिका इतकी वापरून झालेली आहे की ती दिसली की संगीतकार पान उलटतो.

दुसरी खास अडचण लिंगाची. ‘मी जातो’, ‘मी जाते’. युगुलगीतात एकच मुखडा दोघांनी गायचा असतो, किंवा गाणं पुरुषाच्या आवाजात रेकॉर्ड होऊन महिन्याभराने स्त्रीच्या आवाजातली आवृत्ती हवी असते. तेव्हा मुखड्यातली रूपं लिंगनिरपेक्ष ठेवा. भविष्यकाळ (‘येईन’, ‘राहीन’), आज्ञार्थ (‘ये’, ‘सांग’), ‘मला वाटे’सारखी रचना, आणि कर्मावर चालणारा भूतकाळ (‘मी स्वप्न पाहिले’) या चारही ठिकाणी बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही. अंतऱ्यात मग हवं तेवढं मोकळं व्हा.

सिटिंगमध्ये काय न्यायचं

एकच मुखडा घेऊन जाऊ नका आणि पंधराही नेऊ नका. चार पुरतात, पण ते चारही वेगवेगळ्या दिशांनी गेलेले असावेत : एक थेट बोलण्याचा, एक प्रतिमेचा, एक प्रश्नाचा, एक खेळकर. एकाच कल्पनेची चार रूपं नेली तर दिग्दर्शकाला निवडायला काहीच उरत नाही, आणि तो ‘अजून काहीतरी’ म्हणतो. मुखडा पक्का झाल्याशिवाय अंतरे लिहू नयेत. फार तर मुद्दे टिपून ठेवावेत.

मुखड्यात दोन ते चार ओळी, अंतऱ्यात चार ते सहा, अंतरे बहुधा दोन, आणि अंतऱ्याच्या शेवटी मुखड्याकडे परत नेणारी क्रॉस लाइन. ही ओळ चालीत सहसा वर चढते, म्हणून तिच्यात उघडे स्वर हवेत. आणि अर्थाने ती मुखड्याच्या पहिल्या शब्दावर उतरली पाहिजे. ‘…म्हणून’, ‘…तरी’ असं अर्धं ठेवून मुखडा जोडता आला तर तोच मुखडा दुसऱ्या वेळी वेगळा ऐकू येतो. दुसरा अंतरा हे नवख्यांचं हक्काचं पडायचं ठिकाण, कारण तो पहिल्याचंच नव्या शब्दांत सांगतो. उपाय सोपा आहे : पहिला अंतरा आठवणीचा असेल तर दुसरा आत्ताचा, पहिला ‘तू’चा असेल तर दुसरा ‘मी’चा. काळ, जागा किंवा बोलणारा, यांतलं काहीतरी बदललंच पाहिजे.

हुक लाइन, म्हणजे लक्षात राहणारी मुख्य ओळ, हीच बहुधा गाण्याचं नाव होते. नाव शोधपेटीत टाइप करता येण्याजोगं असावं, आणि त्याच नावाची दहा गाणी आधीच आहेत का ते आदल्या रात्री पाहून घ्यावं.

बदल सुचवले जातील तेव्हा शब्द वाचवायला धडपडू नका. आधी नेमकं काय खटकतंय ते विचारा. ‘मजा नाही येत’ याचा अर्थ बहुधा तीनांपैकी एक असतो : शब्द लगेच कळत नाही, पात्राला शोभत नाही, किंवा हुकची जागा चुकली आहे.

प्रत आणि डबिंग

अंतिम प्रत युनिकोडमध्ये टाइप करा आणि सोबत पीडीएफ द्या. जुन्या फॉन्टमधली फाइल स्टुडिओच्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चुराडा दिसतो, आणि मग कोणीतरी घाईत हाताने उतरवून काढतं. चुका तिथूनच शिरतात. पानाच्या वर गाण्याचं नाव, चित्रपट, संगीतकार, गीतकार, प्रतीची तारीख. एका सुराच्या वाक्याला एक ओळ. पुनरावृत्ती ‘वरीलप्रमाणे’ असं न लिहिता पूर्ण लिहा. श्वासाच्या जागी तिरकी रेघ, दंत्य (‘माझा’, ‘जागा’ यांतल्यासारख्या) च-ज-झ खाली बिंदू. ही खूण गायकाला आधी समजावून सांगा. अक्षर मोठं ठेवा. स्टँडवरचा कागद दोन हातांवरून वाचायचा असतो.

डबिंगला, म्हणजे गायकाच्या ध्वनिमुद्रणाला, स्वतः हजर राहा. बोलावणं आलं नाही तर विचारून जा. तिथे तुमचं काम उच्चार आणि अर्थ एवढंच. सूर-लयीबद्दल संगीतकार बोलेल. टेक चालू असताना मध्ये थांबवू नका, कागदावर खूण करा आणि टेक संपल्यावर टॉकबॅकवर (गायकाशी बोलायच्या माइकवर) संगीतकारामार्फत सांगा. खिशात दोन-तीन पर्यायी शब्द असू द्या : एखादा शब्द गायकाला बसतच नसेल तर बदल दोन मिनिटांत द्यावा लागतो. चित्रपट सेन्सॉरकडे जायचा असेल आणि एखाद्या ओळीत जात, धर्म किंवा द्व्यर्थ यांचा धोका दिसत असेल तर सौम्य ओळही त्याच दिवशी गाऊन ठेवायला सांगा. नंतर गायकाची तारीख मिळत नाही आणि शब्द सरळ म्यूट होतो.

पहिलं काम कुठून येतं

चित्रपट हे सुरुवातीचं ठिकाण नव्हे. पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धा, राज्य नाट्य स्पर्धेतले हौशी संघ, लघुपट, बालनाट्यं इथे तुमच्याच वयाचे संगीतकार आणि दिग्दर्शक काम करत असतात, आणि पुढे चित्रपट मिळाला की ते ओळखीच्या गीतकारालाच हाक मारतात. अनोळखी बड्या संगीतकाराला कवितांची पीडीएफ पाठवण्यापेक्षा तुमच्या वयाचा एक संगीतकार गाठून तीन गाणी पूर्ण करणं कितीतरी फायद्याचं.

दुसरं मोठं दार हंगामी गाण्यांचं. आषाढीआधी विठ्ठलाची, गणेशोत्सवाआधी गणपतीची, १४ एप्रिलआधी भीमगीतं, शिवजयंतीआधी शिवरायांची, लग्नसराईत हळदीची. आगरी-कोळी हळदीगीतांचा यूट्यूबवर स्वतंत्र बाजार आहे, आणि भीमगीतांना शाहिरी-जलशांची जुनी, पक्की परंपरा आहे; दोन्हीकडे वरवरचे शब्द लगेच ओळखू येतात. ही गाणी सणाच्या तीन-चार आठवडे आधी बाहेर यावी लागतात. चाल, शब्द, डबिंग, चित्रीकरण हे सगळं धरलं तर गणपतीचं गाणं ज्येष्ठात लिहून व्हायला हवं. श्रावणात लिहायला घेतलेलं गाणं पुढच्या वर्षीचं समजा.

मालिकेचं शीर्षकगीत हा वेगळा प्रकार. मिनिटभराचा अवकाश, कथेचा सूर पहिल्या दोन ओळींत, मालिकेचं नाव शेवटी. आणि वाहिनी, निर्माता, दिग्दर्शक अशा तिघांची मान्यता. मसुदे भरपूर होतात, म्हणून किती बदल मानधनात धरले आहेत ते आधीच लिहून घ्या.

दाखवण्यासाठी जवळ पाच-सहा गाण्यांचे गायलेले डेमो ठेवा, प्रत्येक वेगळ्या जातीचं. फोनवर गायलेलं चालेल, पण शब्द स्पष्ट हवेत. पाठवताना दोनच पाठवा.

कागद

गाण्याचे शब्द लिहिताक्षणी त्यांचा कॉपीराइट तुमचा असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर तारखेचा पुरावा लागतो. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व गीतकारांनाही मिळतं आणि तिथे शब्द ऑनलाइन नोंदवता येतात. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयातही ऑनलाइन अर्ज करता येतो : साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये, आणि हरकतींसाठी ३० दिवसांची थांबण्याची मुदत. प्रत्येक मुखड्यासाठी एवढं करत बसू नका. मसुदा स्वतःच्याच मेलवर आणि संगीतकाराला तारखेसह पाठवणं ही किमान सवय ठेवा.

मानधनाचे हप्ते करारात लिहा. निम्मे करार करताना, उरलेले अंतिम प्रत देताना, म्हणजे डबिंगच्या आधी. ‘प्रदर्शनानंतर’ ही अट मान्य करू नका. अनेक चित्रपट प्रदर्शितच होत नाहीत. शब्द नाकारले तर घेतलेली आगाऊ रक्कम तुमची आणि शब्दही तुमचे, हे एक वाक्य जरूर टाका.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेली दुरुस्ती प्रत्येक गीतकाराला पाठ हवी. तुम्ही शब्दांचा कॉपीराइट निर्मात्याला किंवा कंपनीला देऊ शकता. पण चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं वाजतं तो वापर सोडला, तर बाकीच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाट्याचा हक्क कलम १८ नुसार सोडताच येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (हक्कधारकांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला) देता येतो. चित्रपटाबाहेरच्या गाण्यांनाही असंच संरक्षण आहे. तरीही ‘गीतकार सर्व रॉयल्टी कायमची सोडून देत आहे’ असं वाक्य जुन्या नमुन्यांतून अजून उतरवलं जातं. ते खोडायला सांगा. समोरचा बहुधा वाद घालत नाही, त्यालाही ते माहीत असतं.

कलम १९ पाहा. हस्तांतर लेखी आणि सहीचं हवं. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात, मोबदला किती, हे सगळं त्यात हवं. काळ लिहिलेला नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत, असं कायदा धरतो. म्हणूनच करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ असं लिहिलेलं असतं. विश्व खरंच लिहितात. मंगळावरचे हक्क गेले म्हणून झोप उडवून घेऊ नका, काळाची मर्यादा तेवढी मागून पाहा. नवख्याला ती क्वचित मिळते, स्वतंत्र गाण्यात बऱ्याचदा मिळते. कलम ५७ मुळे लेखक म्हणून नाव लावण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क हस्तांतरानंतरही तुमच्याकडे राहतो.

दुसऱ्याचे शब्द वापरताना उलटा विचार करा. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो. संतांचे अभंग मोकळे आहेत, पण एखाद्या गायकाने रूढ केलेली चाल आणि ते ध्वनिमुद्रण मोकळं असेलच असं नाही. पारंपरिक ओवीची ओळ मुखड्यात घेतली तर श्रेयनामावलीत ‘पारंपरिक’ असं लिहायला लावा. नाहीतर कोणीतरी ते शोधून काढतंच, आणि मग उरलेल्या तुमच्या ओळींवरही संशय येतो.

यूट्यूबसाठी मित्रांनी मिळून केलेल्या गाण्यात पैसे नसतात म्हणून कागदही नसतो, आणि गाणं चाललं की मैत्री संपते. रेकॉर्डिंगच्या आधी एक पान करा : शब्द कोणाचे, चाल कोणाची, ध्वनिमुद्रणाचा मालक कोण, खर्च वजा जाता उत्पन्नाची वाटणी किती टक्के. सगळ्यांच्या सह्या, किंवा किमान सगळ्यांनी मेलवर ‘मान्य’ लिहिलेलं.

रॉयल्टी हातात येण्यासाठी

गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, आयपीआरएस. स्थापना १९६९, कार्यालय मुंबईत. रेडिओ, टीव्ही, स्ट्रीमिंग, जाहीर कार्यक्रम, हॉटेलं यांच्याकडून येणारी रक्कम ती गीतकार, संगीतकार आणि हक्कधारक कंपन्यांत वाटते. एखादं गाणं प्रसिद्ध झालं की सभासदत्वाचा अर्ज करा. पॅन, बँक तपशील आणि गाण्याची माहिती लागते. सभासद झाल्यावर पुढच्या प्रत्येक करारात ‘गीतकार आयपीआरएसचा सभासद असून हा करार त्या सभासदत्वाच्या अधीन आहे’ असं वाक्य घाला. सभासद होताना काही हक्क तुम्ही सोसायटीला दिलेले असतात. तेच हक्क दुसऱ्या कागदावर कंपनीला दिले तर घोळ होतो.

सभासदत्व मिळालं म्हणजे पैसे सुरू झाले असं नाही. प्रत्येक गाणं तुमच्या नावावर नोंदलं आहे ना ते स्वतः तपासावं लागतं : गाण्याचं नाव, पर्यायी नाव, चित्रपट, गायक, कंपनी, आणि तुमचा वाटा. तुमच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. एका गाण्यावर मधलं नाव, दुसऱ्यावर टोपणनाव, तिसऱ्यावर आडनावाचं वेगळंच स्पेलिंग असलं की तीन वेगळी माणसं तयार होतात आणि त्यांतल्या दोघांचे पैसे अडकून पडतात. टोपणनावाने लिहायचं असेल तर तेही अर्जात नोंदवा.

कराचं थोडक्यात. मानधनातून सहसा दहा टक्के टीडीएस (देतानाच कापलेला प्राप्तिकर) कापला जातो, पॅन दिला नाही तर वीस. वर्षअखेरीला तो कर खात्याच्या नोंदीत दिसतो का ते पाहा आणि विवरणपत्र भरा. उत्पन्न कमी असेल तर परतावा मिळतो. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जाईपर्यंत जीएसटी नोंदणीची गरज सहसा पडत नाही.

गाणं प्रदर्शित झालं त्या दिवशी अर्धा तास काढा. यूट्यूबचं वर्णन, स्ट्रीमिंग ॲपमधली श्रेयनामावली, पोस्टर, चित्रपटाच्या सुरुवातीची पाटी, सगळीकडे गीतकाराचं नाव आहे का आणि बरोबर लिहिलंय का ते बघा. ॲपवर गीतकाराची जागा रिकामी राहणं अगदी नेहमीचं आहे, कारण अपलोड करणाऱ्याला फॉर्ममधली तेवढी चौकट भरायची राहून जाते. ओरड करण्याआधी कंपनीच्या संपर्क मेलवर गाण्याची लिंक, करारातलं श्रेयाचं कलम, नावाचं नेमकं स्पेलिंग आणि ध्वनिमुद्रणाचा आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा ओळख-क्रमांक) पाठवा. पहिल्या आठवड्यात ही दुरुस्ती लवकर होते, कारण गाण्यावर माणसं काम करत असतात. सहा महिन्यांनी त्याच मेलला उत्तर देणारं तिथे कोणी उरलेलं नसतं.